म्वालिमूंचा शेक्सपिअर

राज्यकर्त्यांनी आत्मचरित्रे लिहावीत, भाषणांचे खंड काढावेत, यात नवल नाही. परंतु नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा कारभार हाती असताना एखाद्या राष्ट्राध्यक्षाने शेक्सपिअरची दोन नाटके आपल्या लोकांच्या भाषेत आणावीत, ही घटना विरळाच. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी हे केले. ‘ज्यूलियस सीझर’चे त्यांचे स्वाहिली भाषांतर १९६३ साली प्रसिद्ध झाले, ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे १९६९ साली. त्यांच्या राजकारणावर लिहिणारे बहुधा या पुस्तकांची एका वाक्यात बोळवण करतात. मला मात्र असे वाटते की, सव्वाशेच्या आसपास जमातींमधून एक राष्ट्र घडविण्याचा जो खटाटोप न्येरेरे यांनी केला, त्याचा सर्वांत प्रामाणिक दाखला या भाषांतरांत आहे. आणि त्या घडणीत राहून गेलेली फटही तेथेच दिसते.

ही पुस्तके माझ्या हाती आली ती योगायोगाने. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी न्येरेरे यांचे लंडनमध्ये निधन झाले, तेव्हा मी रोममध्ये शिकत होतो. आमच्या निवासात टांझानियाचा एक तरुण धर्मगुरू माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. तो सुकुमा जमातीचा, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडच्या मुलखातला. त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. खोलीत डोकावलो तर तो एक जुने, कडा झिजलेले पुस्तक उघडून बसला होता. “आमचे म्वालिमू गेले,” एवढेच तो म्हणाला. म्वालिमू म्हणजे शिक्षक. न्येरेरे खरोखरच शिक्षक होते. ताबोरा आणि पुगू येथील कॅथलिक शाळांत त्यांनी शिकविले होते आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोकांनी त्यांना हेच संबोधन ठेवले. ते पुस्तक होते ‘माबेपारी वा वेनिसी’. पुढे कित्येक महिने त्या मित्राच्या मदतीने आणि शब्दकोशाच्या आधाराने मी ते अडखळत वाचले. माझे स्वाहिली त्यापुढे फारसे गेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मराठी माणसाला स्वाहिली तितकीशी परकी वाटत नाही. हेसाबू, हबारी, किताबू, दुनिया, वकाती, लाकिनी हे शब्द ऐकताच कान टवकारतात. अरबी व्यापाराच्या वाटेने जे शब्द आपल्याकडे आले तेच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही उतरले. गाडीला तेथे गारी म्हणतात, विम्याला बीमा आणि धर्मगुरूला पाद्री. हा शेवटचा शब्द दोन्ही किनाऱ्यांना पोर्तुगीजांनी दिला. मात्र भाषेचा सांगाडा पूर्णपणे बांटू, म्हणजे आफ्रिकेचाच. किनाऱ्यावरच्या मुसलमान नगरांत ती काव्यभाषा म्हणून वाढली, काफिल्यांबरोबर आत गेली, जर्मनांनी तिला कारभारात वापरले, आणि इंग्रजांच्या अमदानीत १९३० साली नेमलेल्या समितीने झांझिबारच्या बोलीवरून तिचे प्रमाणरूप ठरविले. टांगानिकाच्या अंतर्भागात मात्र ती बहुतेकांची आईची भाषा नव्हती. न्येरेरे यांचीही नव्हती. बुतियामा येथील झानाकी या लहानशा जमातीच्या प्रमुखाचे ते पुत्र. घरात झानाकी बोलत. वयाच्या बाराव्या वर्षी ते शाळेत गेले.

येथेच त्यांच्या निवडीचे मर्म आहे. देशात सर्वांवर वरचष्मा गाजवील अशी एकही जमात नव्हती. सर्वांत मोठी असलेली सुकुमाही लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाएवढी. म्हणून जी भाषा कोणत्याही मोठ्या जमातीची नाही ती सर्वांची होऊ शकली. आपल्या वसईच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीने मिस्सेतली प्रमाण मराठी आपली मानली, ती काही कुणाच्या हुकमाने नव्हे. पण मिस्सेत आपली मराठी होती म्हणून घरातली बोली मागे पडली का, हा प्रश्न त्या आजीला विचारला तर ती काय सांगेल? टांझानियातही तो प्रश्न आहे. शेक्सपिअर स्वाहिलीत गेला. झानाकीत गेला नाही.

प्रथम ‘सीझर’. प्रजासत्ताक घोषित होऊन न्येरेरे डिसेंबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी हे भाषांतर निघाले. राजा होऊ पाहणाऱ्या, निदान तसा संशय असलेल्या, नेत्याचा खून ज्या नाटकात होतो ते नाटक, त्याच नावाच्या नेत्याने, सत्तेवर येताच आपल्या लोकांच्या हाती द्यावे! यात धाडस आहे की भोळेपणा, हे सांगणे कठीण. मला स्वतःला शिक्षकाची सवय दिसते : कठीण धडा टाळायचा नाही. जानेवारी १९६४ मध्ये सैन्याने बंड केले आणि न्येरेरे यांना काही दिवस लपून राहावे लागले, तेव्हा त्यांना या नाटकाचा कोणता अंक आठवला असेल, कोण जाणे.

भाषांतराचा हेतू त्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. स्वाहिली समृद्ध आणि सुंदर आहे, पण नवी कामे अंगावर घेतल्यावाचून तिची समृद्धी वाढणार नाही, असा त्याचा आशय. हे म्हणणे वरवर साधे दिसते. परंतु ज्या भाषेला वसाहतीच्या शाळांनी नोकरचाकर, शिपाई आणि बाजार यांची भाषा मानले, तिच्यात ब्रूटसच्या मनातले द्वंद्व मावते की नाही, ही परीक्षा होती. न्येरेरे यांनी आणखी एक पाऊल टाकले. स्वाहिली काव्यात यमक आणि अक्षरांची मोजदाद यांवाचून कविता मानीत नसत. त्यांनी मूळ नाटकाप्रमाणे निर्यमक ओळी योजिल्या. मुक्त कवितेचा वाद स्वाहिलीत पेटला तो पुढे, कवी केझिलाहाबी यांचा ‘किचोमी’ हा संग्रह १९७४ साली आल्यानंतर. त्याआधी दहा वर्षे हा प्रयोग होऊन गेला होता.

पहिल्या प्रयत्नावर ते समाधानी नव्हते. १९६९ साली सुधारित आवृत्ती आली तेव्हा नायकाच्या नावानेही स्वाहिली वेष धारण केला : ‘जुलिआसी काइझारी’. पाहुणा घरचा झाला. पण एक विसंगती राहिलीच, आणि ती नोंदविली पाहिजे. १९६७ सालापासून प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय स्वाहिली परिषद स्थापन झाली. माध्यमिक शाळेत मात्र इंग्रजी माध्यम कायम राहिले, आणि आजही बहुतांशी आहे. म्हणजे ज्या वयात मुलगा ‘जुलिआसी काइझारी’ समजून घेऊ शकेल, त्याच वयात शाळा त्याला स्वाहिलीतून बाहेर काढते. म्वालिमूंनी स्वतःच्या धड्याला स्वतःच अर्ध्यावर घंटा दिली, असे मी म्हणेन.

तरीही त्या धड्याचा परिणाम झाला नाही असे कोण म्हणेल? टोळीप्रमुखांची शासकीय सत्ता स्वातंत्र्यानंतर लवकरच रद्द झाली. ज्याच्या स्वतःच्या घरात ते पद होते त्याने ती रद्द केली. १९६७ नंतरच्या जनगणनांत जमात आणि धर्म विचारणेच थांबले. एडवर्ड मिगेल या अभ्यासकाने २००४ साली केनियाचा बुसिया आणि टांझानियाचा मेआतू या दोन ग्रामीण जिल्ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. केनियात जेथे जमाती मिसळून राहत तेथे गावच्या शाळेसाठी वर्गणी कमी जमे. टांझानियात असा फरक आढळला नाही. आणि २००७ सालच्या निवडणुकीनंतर केनियात जमातीच्या नावाने जे रक्त सांडले, त्याची आठवण सर्वांना असेल.

आता ‘माबेपारी वा वेनिसी’. माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा येथे आहे आणि तो एका शब्दात आहे. बेपारी हा शब्द हिंदी महासागर ओलांडून गेला. तो गुजराती वेपारीचा, आपल्या व्यापाऱ्याचा भाऊ. पण प्रवासात शब्दांचे स्वभाव बदलतात. समाजवादाच्या काळात बेपारीचा अर्थ झाला भांडवलदार, दुसऱ्याच्या श्रमावर गब्बर होणारा. साध्या व्यापाऱ्यासाठी स्वाहिलीत दुसरा शब्द आहे. न्येरेरे यांनी तो घेतला नाही. शिवाय शेक्सपिअरच्या मथळ्यातला व्यापारी एक आहे. न्येरेरे यांनी अनेकवचन केले. मथळ्याचा अर्थ झाला ‘व्हेनिसचे भांडवलदार’. फेब्रुवारी १९६७ मध्ये आरुशा येथील घोषणेने देश समाजवादाच्या, त्यांच्या शब्दात उजामाच्या, मार्गाला लागला होता. उजामा म्हणजे कुटुंबभाव. आपल्या जमात आणि जमाव या शब्दांचेच ते नातेवाईक. तेव्हा मथळ्यातला राजकीय हेतू उघड आहे, आणि एखादा टीकाकार म्हणेल की हे भाषांतर नव्हे, हा प्रचार.

मी तसे म्हणणार नाही, कारण अनेकवचनाने नाटकाला एक न्याय दिला आहे. सर्वसाधारण प्रेक्षक मथळ्यातला व्यापारी म्हणजे शायलॉक असे समजतो. वास्तविक तो अँटोनियो आहे. शायलॉक यहुदी, अँटोनियो ख्रिस्ती. एक व्याज घेतो, दुसरा जहाजे धाडून नफा मिळवितो आणि पहिल्यावर थुंकतो. ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके यहुद्यांशी जे केले त्याची छाया या नाटकावर आहे. खटल्याच्या अखेरीस शायलॉकला ख्रिस्ती होण्याची शिक्षा मिळते, हा प्रसंग कोणत्याही धर्मगुरूने मान वर करून वाचावा असा नाही. बाप्तिस्म्याचा दंड म्हणून उपयोग! न्येरेरे ज्या देशाचे प्रमुख होते तेथे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही मोठ्या संख्येने होते, आणि धर्म हे भांडणाचे निमित्त होऊ द्यायचे नव्हते. माबेपारी या अनेकवचनाने झगडा धर्मांमधून काढून पैशाच्या व्यवहारात नेला. दोघेही बेपारी. एकटा यहुदी खलनायक उरला नाही. मूळ नाटकाची ही एक टीकाच आहे, तीही एका प्रत्ययात केलेली.

मग फट कोठे आहे? ती नाटकातल्या कायद्यात आहे. पोर्शिया शायलॉकला अखेर ज्या कलमाने पाडते ते कलम परकीयांविषयीचे आहे : परक्याने नागरिकाच्या जिवावर उठू नये. व्हेनिसमध्ये जन्म काढलेला शायलॉक त्या क्षणी परका ठरतो. आता टांगानिकाकडे पाहू. ऑक्टोबर १९६१ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावर विधिमंडळात वाद झाला. नागरिकत्व फक्त काळ्या आफ्रिकनांना द्यावे, असा अनेकांचा आग्रह होता. न्येरेरे यांनी तो ठामपणे झिडकारला, त्वचेच्या रंगावर नागरिकत्व ठरविणाऱ्यांना हिटलरची आठवण दिली आणि प्रसंगी सरकारने राजीनामा देण्याची तयारी दाखविली. त्यांच्या आयुष्यातील हा अत्यंत उजळ क्षण. अमीर जमाल यांच्यासारखे भारतीय वंशाचे गृहस्थ पुढे अर्थमंत्री झाले ते या भूमिकेमुळेच.

परंतु कायदा एक बोलतो, भाषा दुसरे. नागरिकाला स्वाहिलीत दोन शब्द आहेत. एक राया, म्हणजे आपली रयत. हा कायद्यातला शब्द. दुसरा म्वानांची, शब्दशः देशाचे लेकरू, भूमिपुत्र. सभेत, वर्तमानपत्रात, गाण्यात हा दुसरा शब्द. भारतीय दुकानदार कागदावर राया झाला. तो म्वानांची झाला का? राष्ट्राला त्या भाषेत ताइफा म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ गट, समूह. आपल्याकडे त्याचा तायफा होऊन गायन-नाचाच्या फडापुढे जाऊन बसला, हा भाषेचा विनोद. जेम्स ब्रेनन यांनी २०१२ साली ‘ताइफा’ याच नावाच्या ग्रंथात दाखविले आहे की दार एस सलाममध्ये हा शब्द दीर्घकाळ वंश आणि राष्ट्र या दोहोंना वापरला जाई, आणि एकातून दुसरे घडताना भारतीय माणूस बाहेरचा, शोषक, म्हणून रंगविला गेला. अशा शहरात १९६९ साली ‘माबेपारी’ हा मथळा, तोही भारतीय व्यापाऱ्याचाच मूळ शब्द घेऊन, वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा उभा करीत असेल? अँटोनियोचा खास नव्हे. १९७१ साली भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या; त्यांतील बहुतेक भारतीयांच्या होत्या, आणि पुष्कळ कुटुंबे देश सोडून गेली. १९७६ साली खेड्यांतील खाजगी दुकाने बंद करून सहकारी दुकाने आणण्याची मोहीम निघाली. तिचे नाव ‘मादुका’, म्हणजे दुकाने.

न्येरेरे यांनी भारतीयांचा द्वेष केला असे मी सुचवीत नाही. पुरावा उलट आहे. मी एवढेच म्हणतो की, जे अनेकवचन त्यांनी धर्मद्वेष विझविण्यासाठी योजिले, तेच वर्गाच्या नावाने एका समाजाकडे बोट दाखवू शकले. आणि उजामाचा कुटुंबभावही शेवटी हुकमाने आला. १९७३ ते १९७६ या काळात सुमारे पन्नास लाख लोकांना नव्या वसाहतींत हलविण्यात आले, कित्येकांना बळजबरीने. घर पेटवून देऊन कुटुंबभाव शिकविता येत नाही. त्यांच्या संतपदासाठीची प्रक्रिया मुसोमा धर्मप्रांताने २००५ साली सुरू केली असून त्यांना देवाचा सेवक म्हटले जाते. त्या प्रक्रियेचे काम त्या प्रक्रियेने करावे. आपल्याला मात्र भक्तिभावाने डोळे मिटून चालणार नाही.

या साऱ्याला साहित्यातच एक उत्तर मिळाले आहे. अब्दुलरझाक गुर्ना यांचा जन्म १९४८ साली झांझिबारमध्ये झाला. तेथे जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले, आणि एप्रिलमध्ये झांझिबार व टांगानिका यांचे एक राष्ट्र झाले. ते राष्ट्र ज्यांना सोडावे लागले त्यांत तरुण गुर्ना होते. मातृभाषा स्वाहिली, लेखन इंग्रजीत. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची ‘पॅरडाईज’ ही १९९४ सालची कादंबरी मला ‘माबेपारी’च्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. यूसुफ नावाच्या मुलाला बाप कर्जापोटी अझीझ या व्यापाऱ्याकडे गहाण टाकतो. व्हेनिसच्या करारात शेरभर मांस लिहिले होते. येथे अख्खे मूल. परंतु गुर्ना अझीझला बेपारी म्हणून मोकळे होत नाहीत. तो सुगंधी आहे, सौम्य आहे, निष्ठुर आहे, आणि तोही एका भारतीय सावकाराच्या पैशावर चालतो. त्या सावकारामागे आणखी कोणी असेल. किनाऱ्यावरचे अरब, आतले आफ्रिकन, भारतीय, जर्मन असे सगळे एकमेकांच्या देण्यात अडकलेले. कलासिंगा नावाचा एक शीख कारागीर आहे. कुराण स्वाहिलीत आणावे असा त्याचा विक्षिप्त बेत, आणि त्यावरून मुसलमान मित्रांशी चाललेली त्याची हुज्जत हा कादंबरीतला सर्वांत प्रसन्न भाग आहे. न्येरेरे यांच्या स्वाहिलीत सर्वांना एका बाकावर बसविण्याची शिस्त आहे. गुर्नांच्या जगात बाकाखाली दडलेली देणीघेणी आहेत. कलावंत म्हणून गुर्ना मोठे, यात शंका नको. पण न्येरेरे यांच्या भाषेवाचून तो लेखक घरी परतलाही नसता : २०२२ साली ही कादंबरी ‘पेपोनी’ या नावाने स्वाहिलीत आली.

न्येरेरे यांच्या उत्तरायुष्यातील एका कामाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. सत्ता १९८५ साली सोडल्यावर त्यांनी चारही शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये स्वाहिली पद्यात आणली. ते ग्रंथ १९९६ साली छापून झाले. या वेळी निर्यमक ओळी नाहीत. छंद आहे उतेंझी, किनाऱ्यावरच्या मुसलमान कवींनी पैगंबरांच्या लढाया ज्यात गायिल्या तो. आठ अक्षरांच्या चार ओळी, पहिल्या तिहींचे यमक एक, चौथीचे यमक साऱ्या काव्यातून वाहत जाणारे. हे ऐकताच मराठी ख्रिस्ती वाचकाला ओवी आठवेल. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’च्या दहा हजारांहून अधिक ओव्यांत जे केले, तेच एका निवृत्त राष्ट्राध्यक्षाने केले : शेजाऱ्याच्या छंदात आपले शुभवर्तमान. मला हे काम त्यांच्या दोन्ही नाटकांहून सरस वाटते. येथे कोणाला शिकवायचे नाही, कोणाला बदलायचे नाही; किनाऱ्याने दिलेली भाषा डोंगराकडचा माणूस तिच्याच तालात परत करतो आहे.

माझ्या मित्राला मी एकदा विचारले होते की, त्याच्या गावात बेपारी कोणाला म्हणत. तो हसला. म्हणाला, बेपारी शाळेच्या पुस्तकात असत. गावात एक दुकान होते, त्याचा मालक म्हातारा भारतीय. तो लोकांना उधार देई, आणि मित्राच्या वडिलांशी सुकुमात बोले. मोहिमेच्या काळात तो निघून गेला. दुकानाची पुढे सोसायटी झाली, मग गोदाम झाले. गावकरी मात्र त्या जागेला त्या म्हाताऱ्याच्याच नावाने ओळखत राहिले. नाव काय, असे मी विचारले तेव्हा मित्राने ते दोन-तीन प्रकारे उच्चारून पाहिले. जिभेवर झिजून ते इतके स्वाहिली झाले होते की मूळ नाव कोणते असावे, ते मला काही केल्या ओळखता आले नाही.